एका रात्रीत संपलेली बाटली

इंदूरमध्ये रामबागेजवळ आमचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं बरीचशी मराठी, घरच्यासारखी. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ओळखीच्या आजी आल्या. पिशवीतून तापाच्या औषधाची बाटली काढून म्हणाल्या, "ताई, अश्शीच एक दे गं. काल रात्री आणली, संपली पण."

बाटली ड्रॉप्सची होती, १५ मिलीची. एका बाळाला ती एवढ्यात संपायलाच नको.

"सांडली का आजी?"

"छे गं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच दिलं. पाच-पाच मिली, तीन वेळा. ताप उतरला बघ, मघाशी खेळत होता."

चिठ्ठी पाहिली. 'पॅरासिटामॉल ५ मिली, ताप आल्यास, सहा तासांनी.' सिरप की ड्रॉप्स, किती ताकदीचं, काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या मनात नेहमीचं सिरप असणार. त्यात ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं. पण रात्री उशिरा दुसऱ्या दुकानातून मिळाले ते ड्रॉप्स, आणि त्यांत एकेका मिलीत १०० मिलिग्रॅम!

"आत ड्रॉपर होता ना?"

"होता की. पण त्यात एकच मिली मावतं, पाचदा कोण भरत बसणार? जुन्या बाटलीचं माप होतं, त्यावर पाचची रेघ आहे."

आजींनी रेघेला रेघ लावून मोजलं होतं. त्यांना बोल लावावा असं त्यात काहीच नव्हतं.

नातवाचं वजन विचारलं. लस द्यायला नेलं तेव्हा दहा किलो भरलं होतं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे या बाळाला १०० ते १५०. सिरप ५ मिली दिलं असतं तर हिशेब चोख बसत होता. ड्रॉप्समुळे प्रत्येक वेळी ५०० गेलं. तीन वेळचं मिळून १५००, किलोमागे १५०, आणि तेही पुरता एक दिवस उलटायच्या आत. दिवसभरात चार डोस धरले तरी किलोमागे ६०च्या वर जाऊ नये.

सर्दीचं औषधही चालू आहे का, हे लगेच विचारलं, कारण त्यातल्या कित्येकांत पॅरासिटामॉल असतंच. नव्हतं, तेवढं बरं झालं.

मला सगळ्यात भीती वाटत होती ती त्या 'खेळत होता'ची. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी मूल चांगलं दिसू शकतं. फार तर उलटी होते, सुस्ती येते. यकृताला इजा झाली असेल तर ती रक्तात दिसायलाही बऱ्याचदा दिवस उलटतो. उतारा असतो, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. आजींना घाबरवायचं नव्हतं आणि घरीही जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांना खुर्चीवर बसवलं, मुलाला फोन लावला आणि स्पष्ट सांगितलं: बाळाला आत्ता दवाखान्यात न्या, रिकामी बाटली आणि चिठ्ठी बरोबर ठेवा, कधी कधी दिलं ते कागदावर लिहून द्या.

ते वेळांचं लिहून देणं फार कामाला आलं. एकदम जास्त औषध गेलं असेल तर चार तासांनंतरची रक्तातली पातळी आलेखावर पाहून उतारा द्यायचा का ते ठरवता येतं. थोडं थोडं करून गेलं असेल तर तो आलेख लागू पडत नाही. मग एकूण किती गेलं आणि यकृताच्या तपासण्या, यावरच ठरवावं लागतं. डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतलं, उतारा सुरू केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. यकृताचे आकडे ठीक आले आणि बाळ घरी गेलं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आता त्यांच्या चिठ्ठीवर वजन, मिलिग्रॅम आणि औषधाची ताकद, तिन्ही असतं. नुसतं 'मिली' लिहिलेली लहान मुलाची चिठ्ठी आली की मी औषध देण्याआधी लिहिणाऱ्याला फोन करते. गिऱ्हाईक खोळंबतं, कधी चिडतंही. खोळंबू दे. वजन माहीत नसेल तर दुकानातल्या काट्यावर आधी आईला एकटीला उभं करते, मग मुलाला कडेवर घ्यायला सांगते आणि वजाबाकी त्यांच्यासमोरच करते.