ईएसआयचे बाळंतपणाचे पैसे आणि माझं मधलं नाव

बाळंतपण नीट झालं, डॉक्टरीणबाईंनी कागद वेळेवर दिले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पैशांबद्दल. ईएसआयचं ऑफिस कुठलं ते सांगत नाही, कारण साहेब अजून तिथेच आहेत आणि माझं कार्डही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यातून पाऊण टक्का ईएसआयला (म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांसाठीची सरकारी विमा योजना) कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणून बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचे पैसे मालक नाही, ईएसआय देतं (दोन मुलं असताना तिसऱ्याला १२ आठवडेच). आम्ही कंपनीत ज्याच्यामार्फत कामाला, तो ठेकेदार मात्र पॅकिंगच्या बायकांसमोर असं बोलायचा, जसे काही त्याच्याच खिशातून जातात.

माझा अर्ज अडला तो नावावर. नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे विमा कार्डावर मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. लग्नानंतर आधार बदललं, बँकेत आधार जोडलं, तिथेही सासरचं नाव आलं. खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या दोन वेगळ्या बायका आहेत." मांडीवर तान्हं पोर. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

"कंपनीतून दुरुस्त करून आणा." कंपनी म्हणाली ठेकेदाराकडे जा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ते ऑफिसातूनच होतं, आमच्या हातात काही नाही." पुन्हा खिडकी. पुन्हा तेच. काचेवर आतून चिकटवलेला कागद होता, 'आधार, बँक व विमा नोंदीतील नाव एकच असावे', आणि त्याखाली ते कुणी कसं करायचं याबद्दल अवाक्षर नाही. टोलवाटोलवीत माझी रजा संपत आली. घरात एकाच पगारावर चाललेलं, त्यात डिंक, खारीक, दूध. सासूबाई म्हणायला लागल्या, "दे सोडून, ते काही देणार नाहीत." मग तर सोडायचंच नाही असं ठरवलं.

शेवटी खिडकीऐवजी आत गेले, मॅनेजरच्या टेबलाशी. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: दुरुस्तीची मागणी मालकाच्या लॉगिनमधून टाकायची, सोबत आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला, आणि मंजुरी इथून. म्हणजे अर्धं काम त्यांचं आणि अर्धं ठेकेदाराचं, आणि दोघंही मला दुसऱ्याकडे पाठवत होते! मी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि ठेकेदाराच्या माणसासमोर ठेवलं. माझ्यासमोरच टाका म्हटलं, आणि टाकेपर्यंत उठले नाही.

विवाह नोंदणी केलेली नसेल तर आत्ताच करा, पोटात मूल असताना त्यासाठी पळू नका. दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

हो, आणि एक राहिलं: रजेवर जायच्या आधी आपली वर्गणी जमा आहे का ते ऑनलाइन बघा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाही धरतात, आधीच्या लागोपाठ दोन मिळून निदान ७० दिवसांची लागते. आमच्यातल्या एकीचे पैसे ठेकेदाराने कापले होते, भरले नव्हते. पगाराची पावती जपून ठेवा. आणि रजेत पगारावर कामाला बोलावलं तर जाऊ नका, त्या दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही.

पैसे आले. सगळे, एकदम. मेसेज आला तेव्हा मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

आता नणंद त्याच कंपनीत लागली आहे आणि तिचं लग्न ठरतंय. तिला सांगून ठेवलंय, आधारवर वडिलांचंच नाव राहू दे. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.