थंडीतला घाम

माहूरच्या दत्तजयंतीला आरोग्य सेवकाला एका जागी बसून भागत नाही. त्या वर्षी मला आणि आमच्या आशाताईंना पायवाटेची ड्युटी होती. औषधांची पिशवी खांद्याला लावून आधी रेणुकेचा डोंगर, मग दत्तशिखर, शेवटी अनसूया शिखर.

पहाटे रेणुकेच्या पायऱ्या चढताना बोटं वाकत नव्हती, अशी थंडी. देवीच्या तांदळ्यापुढं हात जोडले, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी ओटी टेस्ट केली आणि उतरणीला लागलो. सागाची वाळकी पानं पायाखाली करकरत होती. दत्त महाराज भिक्षा कोल्हापुरात मागतात आणि निद्रेला माहुरी येतात, अशी श्रद्धा. त्यांच्या दारी पायी आणि उपाशीपोटीच जायचं, असा कित्येकांचा नेम. त्या नेमाबद्दल मला आदर आहे. माझी आईही तो पाळायची.

दत्तशिखराच्या चढावर घोळका दिसला. साठीतले एक काका दगडावर बसून हात झटकत होते, कुणाला जवळ येऊ देत नव्हते. "अंगात आलंय, सरका," कुणी म्हणालं. कुणाला दारूचा संशय. त्यांची बायको रडवेली झालेली. "असं कसं करालेत हे! काय बोलालेत कळंना झालंय."

मी मनगट धरलं आणि चरकलो. आम्ही सगळे स्वेटरात, आणि यांचा सदरा घामानं पिळून निघावा असा. हात गार, बोटं थरथरती.

"मावशी, काकांना शुगर हाय का?"

"हाय की. सकाळी गोळी घेतली. खाल्लं काहीच न्हाई, उपास हाय."

ग्लुकोमीटरवर आकडा आला ४२. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी धरतात. मेंदू चालतो तोच साखरेवर, म्हणून माणूस असा बरळतो. काकांना गिळता येत होतं, हे नशीब. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीही घालता येत नाही. तीन चमचे साखर पाण्यात कालवून आशाताईंनी घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी ५८. परत तेवढीच साखर, परत पंधरा मिनिटं. ती फार लांबली. मग ९१, आणि काकांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

खरी अडचण पुढंच होती. त्यांची गोळी ग्लिमेपिराईडची. तिचा असर तासन्‌तास राहतो. साखरेवर पोट भरीचं काही खाल्लं नाही तर पुन्हा तेच. पण काका केळाला हात लावेनात. घोळक्यातल्या एका म्हातारीनं केळ घेतलं, शिखराकडं धरून कपाळाला लावलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "प्रसाद हाय. प्रसादानं उपास मोडत नसतो." काका रडले आणि खाल्लं. माझी दहा मिनिटांची समजूत जिथं हरली, तिथं तिचं एक वाक्य पुरलं.

दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना सडकेपर्यंत आणलं, १०८ ला फोन केला. गाडी ग्रामीण रुग्णालयाकडं गेली तेव्हा दुपार कलली होती.

अनसूया शिखराच्या वाटेवर मग दिसेल त्या वयस्कर माणसाला विचारत गेलो, "शुगरची गोळी घेतली का? वर काय खाल्लं?" गोळी घेऊन उपाशी चढणारे अकराजण निघाले. पिशवीतली केळी संपली, आशाताईंचा डबाही.

रात्री मावशींचा फोन आला. भाकरी खाल्ली म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत, आजची रात माहुरातच निजा."