प्लँटॅजेनेट तक्ता: रंग राजाचा नाही, वारशाचा

मंडळी, फ्रान्सच्या कॅपेशियन घराण्याचं पान झालं, आता प्लँटॅजेनेट घराण्याचा, म्हणजे बाराव्या शतकातला इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि त्याच्या पोरांचा तक्ता हातात घेतलाय, इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) वर वंशावळ आणि खाली नकाशा असं चाललंय. बहुतेक नकाशांत स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीजपर्यंत सगळं एकाच रंगात रंगवून मोकळे होतात, ते मला कधीच पटलं नाही, कारण हे एक राज्य नव्हतंच, वेगवेगळ्या घरांच्या इस्टेटी एका माणसाकडे गोळा झाल्या होत्या आणि प्रत्येकीची वारसाची रीत वेगळी. म्हणून जमीन कुणाकडून आली त्यावर रंग ठरवलाय. इंग्लंड आणि नॉर्मंडीवरचा हक्क आई माटिल्डाकडून आला म्हणून निळा, आंजू, मेन, तूरेन बाप जॉफ्रीकडून (तो ११५१ ला गेला) म्हणून हिरवा, आणि नैऋत्य फ्रान्समधलं अक्विटेन बायको एलेनॉरकडून म्हणून केशरी.

केशरी लेयरवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मजाही तिथेच आली. ११३७ ला अक्विटेनचा ड्यूक दहावा विल्यम, म्हणजे एलेनॉरचा बाप, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेत वारला, मुलगा नव्हता, सगळं थोरल्या एलेनॉरकडे. त्याच वर्षी जुलैत बोर्दोला तिचं फ्रान्सच्या युवराजाशी लग्न, आणि आठवड्याभरात सासरा गेल्यामुळे नवरा सातवा लुई म्हणून राजाच झाला. दोन मुली झाल्या, मुलगा नाही. मार्च ११५२ मध्ये जवळचं नातं निघतं या कारणावर बोजांसीला ते लग्न रद्द केलं आणि मे महिन्यात प्वातिएला तिने हेन्रीशी लग्न केलं, जो नात्याने लुईपेक्षाही जवळचा! तक्त्यात या तिघांच्या रेषा वर जाऊन जिथे मिळतात तो भाग झूम करून बघा, मला तर फार आवडलाय.

आपल्या डोक्यात कॅथरीनच्या लग्नात इंग्रजांना गेलेली मुंबई पक्की बसलेली असते, त्यामुळे अक्विटेनही आंदण वाटतं. पण आंदण दिलं की गेलं, आणि अक्विटेन मात्र एलेनॉरच्या हयातीत तिचंच राहिलं, नवरे तिच्या हक्काने ड्यूक म्हणवून घेत होते. म्हणून तिच्या नावापासून नकाशाकडे जाणारी रेषा मी ११५२ ला तोडली नाहीये, १२०४ ला ती वारली तिथपर्यंत सलग नेलीय.

याचा फायदा ११९९ च्या पानावर दिसला. शालूच्या वेढ्यात हेन्रीचा मुलगा आणि तेव्हाचा राजा रिचर्ड मेला, औरस मूल नाही. आता वारस कोण, धाकटा भाऊ जॉन की मधल्या भावाचा, म्हणजे आधीच वारलेल्या जॉफ्रीचा, मुलगा आर्थर? नॉर्मंडी आणि इंग्लंडने जॉनला धरलं, तर आंजू, मेन, तूरेनचे सरदार बारा वर्षांच्या आर्थरकडे गेले. निळा एकीकडे, हिरवा दुसरीकडे, बरोब्बर रंगांच्या शिवणीवरच फाटलं! आणि केशरीचं काय, तर पंचाहत्तरीच्या आसपासची एलेनॉर स्वतः तूरला गेली, फ्रान्सच्या फिलिप राजापुढे अक्विटेनसाठी स्वतःच्या नावाने मांडलिकीची शपथ घेतली आणि जॉनला आपला वारस केलं. त्यामुळे आर्थरला तिथे दावा लावायला जागाच उरली नाही. इतकी हुशार कायदेशीर चाल या अख्ख्या तक्त्यात दुसरी नाही असं माझं मत आहे.

शपथेच्या रेषा तुटक ठेवल्यात, रक्ताच्या सलग. ११६९ ला मोंमिरायला हेन्रीने पोरांमध्ये जमिनींची वाटणी ठरवली, तिथे पोरांनी फ्रान्सच्या राजापुढे घेतलेल्या शपथा अशा दाखवल्यावर चित्र एकदम स्पष्ट झालं.

आता लुसिन्यां हे सरदार घराणं घ्यायचंय, कारण त्यांच्याकडे लग्न ठरलेल्या इझाबेलाला जॉनने स्वतःच बायको केलं आणि तिथूनच १२०२ ला फ्रान्सच्या राजाने जॉनच्या फ्रान्समधल्या जमिनींवर जप्ती आणली. मग इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांमधला १२५९ चा पॅरिसचा तह की हा सेट संपला. गॅस्कनीतल्या (अक्विटेनचा दक्षिण भाग) छोट्या व्हायकाउंटींच्या, म्हणजे लहान सरदारांच्या जहागिरींच्या, हद्दी कुणी काढल्या असतील तर फाईल टाका, मी माझ्या लेयरवर बसवून परत देतो.