मधे खोल आहे हो

परवा दुपारी बाहेर पावसाची नुसती पिरपिर चाललेली आणि मी वरच्या खोलीत एकटाच पूल खेळत होतो. आठ नंबरचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटकडे निघाला आणि दोन बोटं अलीकडेच थांबला. फटका काही हलका नव्हता. टेबलावरच्या कापडावर पालथा हात ठेवून पाहिला, तर दोन दिवस दोरीवर राहूनही न वाळलेल्या स्वेटरसारखं लागलं. लोकरीचंच ते, हवेतली ओल पिणारच.

हे पूल टेबल एका बंद पडलेल्या पार्लरमधून आलं. स्लेटच्या तीन पाट्या जिन्यातून चढवताना घामाघूम झालेला हमाल म्हणाला होता, ‘‘भाऊ, खेळाले दगड काहून लागते?’’ तेव्हा मी नुसता हसलो. दगड फुगत नाही, हे उत्तर चार पावसाळे गेल्यावर सुचलं. बाकी सगळं हलतं. लाकडी चौकट फुगते, चॉक सर्दाळतो, भिंतीला टेकवून ठेवलेली क्यू, म्हणजे फटका मारायची काठी, धनुष्य होते.

बरं, उन्हाळ्यात तरी सुख? नवतपात सगळं नागपूर पापडासारखं कोरडं, पण आमच्या घरात कूलरच्या गवतातून मे महिन्यातच जुलै शिरतो. दार लावून कूलर खाली अडवावा, तर गच्चीखालच्या त्या खोलीत पाट्यांच्या सांध्यांतलं मेण मऊ पडतं आणि बॉल तिथे बारीकशी उडी घेतो. एसीचा विषय मी एकदाच काढला. ‘‘म्हणजे टेबलाला एसी आणि आम्हाला कूलर?’’ असं उत्तर मिळालं. विषय मिटला.

स्नूकर हा खेळ इथून जवळच, जबलपूरच्या छावणीत जन्मला. 1875 साली, पावसाळ्यात कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, असं सांगतात. त्यांच्या टेबलाचं कापड कोण वाळवत होतं, कोण जाणे. आता मोठ्या स्पर्धांत स्नूकरच्या टेबलाखाली हीटर असतात. मला त्याचं काही नवल वाटलं नाही, कारण नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी ती सोय फार आधीपासून होती.

बाबांचा कॅरम. पावसाळ्यात बोरिक पावडरच्या गुठळ्या व्हायच्या आणि स्ट्रायकर चिखलात रुतल्यासारखा चालायचा. मग बाबा शंभरचा बल्ब वायरीने खाली, अगदी वीतभर अंतरावर सोडायचे. ‘‘बोर्ड शेकू दे जरा.’’ तासभर आम्ही त्या पिवळ्या उजेडाभोवती मांड्या घालून बसून राहायचो. तापलेल्या पॉलिशचा वास यायचा आणि बल्बवर आपटून पडलेले पावसाळी किडे आम्ही टिचकीने उडवायचो.

एवढं करूनही बोर्ड मधे बसलाच. सोंगट्या हळूच राणीकडे सरकायच्या. आम्हा भावंडांना तो उतार पाठ, त्यामुळे पाहुणे हमखास हरायचे. पण बाबा पडले मास्तर. पहिला डाव मांडायच्या आधीच सांगून मोकळे व्हायचे, ‘‘मधे खोल आहे हो, सांभाळून.’’ आमचा असा जीव जळायचा!

रविवारी एक मित्र खेळायला येतोय. मागच्या वेळी मला तीन डाव हरवून गेलाय. कापड ओलं आहे, हे त्याला आधी सांगायचं की पहिला डाव झाल्यावर, हे अजून ठरत नाहीये.