पंच-आउट नोंदवही: क्लोन कन्सोल, ५० हर्ट्झ आणि हुकणारा ठोसा

सध्याची स्थिती: पंच-आउट हा बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम; कन्सोल चालू, चित्र स्वच्छ, ग्रेट टायगरपर्यंतचे सगळे प्रतिस्पर्धी आडवे होतात. गाडी अडते ती पुढच्या बाल्ड बुलपाशी. सराव वाढवण्याआधी टीव्ही आणि कन्सोलचा वेग तपासा.

पंच-आउट १९८७ चा, जपान-अमेरिकेच्या सेकंदाला ६० फ्रेमवर बेतलेला. आपल्याकडे नव्वदीत विकले गेलेले फॅमिकॉमचे (निन्टेंडोच्या कन्सोलचे) क्लोन, म्हणजे नकला, बहुतांशी पॅल टीव्हीसाठी, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. त्यावर तोच गेम सुमारे १७ टक्के हळू पळतो. चुकवण्यासाठी १२ फ्रेम मिळत असतील तर ६० वर ते २०० मिलिसेकंद, ५० वर २४०. म्हणून क्लोनवर बसलेला हात एमुलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) उशिरा पडतो. मेसेन या एमुलेटरमध्ये प्रदेश 'डेंडी' केला की क्लोनचाच वेग मिळतो. दोन्ही वेगांवर आलटून पालटून खेळू नका, एकही अंगवळणी पडत नाही. नव्या एलसीडीवर गेम मोड बंद असेल तर आणखी काही फ्रेम जातात; जुना डबा टीव्ही इथे अजून राजा आहे. भंगारवाल्याकडून घेताना मागे एव्ही इन आहे का बघा. आणि तो उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठलेले असतात.

काडतूस. '९९९९ इन १' मध्ये हा गेम शोधण्यात अर्थ नाही. यात एमएमसी२ चिप लागते आणि ती फक्त याच गेमसाठी वापरली गेली. चित्रचिपने ठरावीक टाइल (चित्राचा छोटा तुकडा) वाचली की एमएमसी२ आपोआप चित्रांची बँक, म्हणजे संच, बदलते. त्यामुळेच एवढा मोठा प्रतिस्पर्धी पडद्यावर मावतो. संगीत नीट, गेम चालू, पण समोरच्या बॉक्सरचे तुकडे तुकडे दिसतात? मग दोष बहुधा चित्राच्या बाजूच्या पिनांत. ९९ टक्के आयसोप्रोपाइल, कानकाडी, पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात.

वीज. आपल्याकडचा उन्हाळा ७८०५ ला (कन्सोलमधल्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला) सोसत नाही. ९ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर कमी भारावर १२ च्या आसपास देतो. ३५० मिलिअँपिअर धरले तर ९ व्होल्टला १.४ वॉट उष्णता, १२ ला जवळजवळ २.५. मे महिन्यात चित्र अर्ध्या तासाने गोठत असेल तर आधी हीटसिंक चाचपा, थोडी पेस्ट लावून पुन्हा आवळा. अडॅप्टर बदलताना टोकांची ध्रुवता मल्टिमीटरने मोजा. क्लोनमध्ये ती एकसारखी नसते. पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर इनपुटचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाळलाय, १६ ऐवजी २५ व्होल्टचा टाका. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण येते, त्यात कन्सोलचा दोष नाही.

आता रिंग. ग्रेट टायगर (गेम त्याला बॉम्बेचा म्हणतो, पगडी मात्र कुठल्या दुकानातली कोण जाणे) ठोसा मारण्याआधी पगडीतला हिरा चमकवतो. चमक दिसली की हुकवा. तो गायब होऊन गरगरत आला तर पाचही वेळा खाली दाबून अडवा. मग त्याला भोवळ येते आणि एक फटका पुरतो. हार्ट (दमाचा आकडा) संपले तर मॅक, म्हणजे आपला बॉक्सर, गुलाबी पडतो, तेव्हा मारू नका, फक्त हुकवा. किंग हिप्पो सगळ्यांत सोपा: तोंड उघडले की तोंडावर, चड्डी घसरली की पोटावर. एकदा पडला की उठत नाही.

बाल्ड बुलचा धावता हल्ला पोटावरच्या एका ठोशाने संपतो, पण वेळ अगदी नेमकी हवी. तो तीन उड्या मारत येतो आणि प्रेक्षकांतला फ्लॅश त्याच क्षणी उडतो. उड्या मोजण्यापेक्षा फ्लॅशवर लक्ष ठेवा, विशेषतः वेग बदलल्यावर.

शेवटचा प्रतिस्पर्धी माइक टायसन; त्याच्याकडे थेट जायचे असेल तर पासवर्ड ००७-३७३-५९६३. १९९० च्या आवृत्तीत त्याच जागी मिस्टर ड्रीम आहे. पहिल्या फेरीच्या सुरुवातीच्या दीड मिनिटात त्याचा प्रत्येक अपरकट एका फटक्यात पाडतो. तोवर मारण्याच्या मोहात न पडता फक्त बाजूला व्हा.