त्रिफळ्यातला जुगारी

नाशिकच्या जुन्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात हिरड्याशेजारच्या पोत्यात बेहडा असतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या रानातलं हे फळ. खोकल्यासाठी नेणाऱ्याला त्याचं पूर्वायुष्य ठाऊक नसतं. ऋग्वेदातला जुगारी ज्या अक्षांपायी, म्हणजे फाशांपायी, घरदार घालवून बसला, ते अक्ष म्हणजे हेच बेहडे.

त्यांच्यावर ठिपके नव्हते. अभ्यासकांनी जुळवलेला डाव असा: जमिनीतल्या खळग्यात अक्षांचा ढीग टाकायचा, त्यातली मूठ उचलायची आणि चाराचाराने मोजायची. काहीच उरलं नाही तर कृत, सर्वांत मोठं दान. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर. एक उरला की कलि, म्हणजे बुडालात. (हो, युगांचीही हीच नावं.) इथे लबाडी फळात नाही, मुठीत चालते, सरावलेल्या बोटांना किती आले ते कळतं. नलाख्यानातला ऋतुपर्ण तर रथातूनच बेहड्याच्या झाडावरची फळं किती ते सांगतो आणि नलाला ती विद्या देतो. पुढे चार बाजूंचे लांबट फासे आले आणि लबाडी कानशीकडे गेली. एक बाजू जराशी रुंद ठेवली की फासा तिच्यावर जास्त वेळा बसतो, समोरच्या बाजूचं दान वर येतं.

कौटिल्याने जुगार मोडला नाही, एका जागी आणला. फासे द्यूताध्यक्षाचे, जिंकलेल्या रकमेतले शंभराला पाच त्याच्याकडे जमा. दुसरीकडे खेळलात तर दंड १२ पण (तेव्हाचं नाणं). व्यवहारी माणूस!

मटक्याला, म्हणजे आकड्यांवरच्या जुगाराला, असा अध्यक्ष नाही. १८८७ च्या कायद्याने तो गुन्हाच. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारे आकडे बंद पडले, तेव्हा १९६० च्या दशकात मुंबईत मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, नंतर पत्ते. ३, ५, ६ निघाले तर बेरीज १४, शेवटचा अंक ४, म्हणून ओपन (पहिला आकडा) चौका. क्लोज, म्हणजे दुसरा आकडाही तसाच काढायचा, दोन्ही मिळून जोडी. आकडा लागण्याची शक्यता दहात एक, पण भाव रुपयाला नऊचा. जोडी शंभरात एक, भाव नव्वदचा. शंभरातले दहा रुपये आकडा लागण्याआधीच गेलेले असतात, आणि त्यासाठी चालवणाऱ्याला लबाडी करावीही लागत नाही.

टपरीवर मागच्या आकड्यांचा चार्ट पसरून रेघा मारणाऱ्यांची मेहनत मात्र थोर. पत्त्या, म्हणजे ३-५-६ सारखे तीन पत्त्यांचे संच, एकूण २२०. चौक्याच्या २२, शून्याच्याही २२, म्हणजे कुठल्याच आकड्याला झुकतं माप नाही.