त्र्याहत्तर गुणांचा माणूस

१ सप्टेंबर २००६. आमचं जहाज ग्रीसमध्ये, अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेयसजवळ, पेरामाच्या दुरुस्ती-धक्क्याला लागलेलं. मी तेव्हा थर्ड इंजिनिअर होतो. मेन इंजिनच्या एका युनिटचं, म्हणजे एका सिलिंडरचं, ओव्हरहॉल चाललं होतं. सकाळी पिस्टन बाहेर काढायचा आणि लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, मापं घ्यायची, असं आदल्या दिवशीच ठरलेलं. आमचे ग्रीक चीफ इंजिनिअर कामात भलतेच कडक. मिलिमीटरच्या शतांशात फरक दिसला तरी ते माप पुन्हा घ्यायला लावत. त्या चीफनी सकाळच्या मीटिंगला सांगितलं की पिस्टन दहाच्या आत स्टँडवर बसला पाहिजे, क्रेनच्या हुकाला काहीही लटकत नको, आणि साडेदहाला सगळे मेसरूममध्ये टीव्हीसमोर हजर.

आमचा रत्नागिरीचा फिटर माझ्याकडे बघतच राहिला. "तीन साब, बडा साबला बरं नाय काय? कामाच्या टायमाला टीव्ही?"

जपानमध्ये सायतामाला बास्केटबॉलच्या जागतिक स्पर्धेची उपांत्य लढत होती. ग्रीसविरुद्ध अमेरिका. अमेरिकेकडे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमधले तारे: लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, कार्मेलो अँथनी, ख्रिस पॉल. ग्रीसच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून पानायोतिस यानाकिस. आणि आमचे चीफ निकेयाचे. १९२२ नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही पिरेयसलगतची कष्टकऱ्यांची वस्ती. यानाकिस तिथलाच, आणि त्याची सुरुवातही तिथल्याच आयोनिकोस क्लबातून. इंजिनिअरिंग कॉलेजात मी बास्केटबॉल खेळलेला, तरी यानाकिसचं नाव मला चीफकडूनच कळलं. रात्रीच्या वॉचला, म्हणजे पाळीला, ते आले की विषय हमखास तिकडे वळायचा.

त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. १९८१ मध्ये आयोनिकोस आणि आरिस यांच्या लीग सामन्यात यानाकिसने एकट्याने ७३ गुण केले. समोर आरिसचा निकोस गालिस होता, त्याने ६२ केले. आरिस एका गुणाने जिंकलं. एका सामन्यात ७३ करणारा माणूस १९८४ मध्ये त्याच आरिसमध्ये गेला, त्याच गालिसच्या शेजारी उभा राहिला आणि चेंडू त्याच्या हाती देऊ लागला. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यांत धोकादायक गार्डला अडवणं, धक्के खाणं, खेळ चालवणं हे त्याने आपल्याकडे घेतलं. पुढे आरिस ओळीने लीग जिंकत गेलं. १९८७ मध्ये इथून जवळच, निओ फालिरोच्या स्टेडियममध्ये, ग्रीसने सोव्हिएत संघाला जादा वेळेत १०३-१०१ असं हरवून युरोपियन अजिंक्यपद मिळवलं. गालिसचे ४० गुण सगळ्यांना पाठ आहेत. कर्णधार यानाकिस होता. चीफ त्या रात्री अटलांटिकच्या मधोमध होते. रेडिओ ऑफिसरच्या खोलीत खरखरीतून निकाल ऐकला, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. २००५ मध्ये बेलग्रेडला तेच अजिंक्यपद यानाकिसने प्रशिक्षक म्हणून जिंकलं, तेव्हाही ते समुद्रावरच.

म्हणून आज साडेदहा.

मेसरूममध्ये आम्ही, यार्डातले वेल्डर, फिटर, सगळे बॉयलर सूटमध्येच. दुसऱ्या सत्रात ग्रीस बारा गुणांनी मागे पडलं, २१-३३. यार्डातली मंडळी ओरडायची थांबली. चीफ उठले, खिशातून दोन नट आणि दोन वॉशर काढून त्यांनी टेबलावर मांडले, शेजारी बेअरिंगची एक गोळी ठेवली. नट आपले, वॉशर अमेरिकेचे. "आता बघ," मला म्हणाले. चेंडू आपल्या पापालुकासकडे. धिप्पाड शोरत्सानितिस पापालुकासला अडवणाऱ्या अमेरिकन खेळाडूच्या वाटेत येऊन उभा राहतो, आणि तो खेळाडू अडकला की स्वतः वळून थेट बास्केटकडे सुटतो. दुसरा वॉशर पापालुकासच्या अंगावर गेला तर चेंडू शोरत्सानितिसला. जागेवर थांबला तर पापालुकासला वाट मोकळी. मदतीला तिसरा धावला तर बाहेर स्पानुलिस एकटा. हा पिक अँड रोल शाळेतली पोरंही खेळतात. पण अमेरिकेला त्याचं उत्तर सापडेना, आणि यानाकिसने तो बदलला नाही. मध्यंतराला ग्रीस चार गुणांनी पुढे.

पुढचा खेळ मी डोळ्यांनी टीव्हीवर आणि बोटांनी त्या नटांवर पाहिला. १०१-९५. स्पानुलिसचे २२ गुण, शोरत्सानितिसचे १४, बाकावरून आलेल्या पापालुकासचे १२ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट मिळवून देणारे पास. त्या संघातला एकही जण तेव्हा एनबीएत खेळत नव्हता. सामन्यानंतर अमेरिकेचे प्रशिक्षक शशेव्हस्की ग्रीक खेळाडूंचा उल्लेख जर्सीच्या नंबरांनी करत होते. मला वाटतं, यानाकिसच्या संघाला याहून मोठी दाद नसेल: समोरच्याला नाव घेऊन एकाला रोखता येईना, कारण रोखण्यासारखा एकटा कुणी नव्हताच.

बाहेर धक्क्यावरच्या जहाजांचे भोंगे एकामागून एक वाजू लागले. आमचा फिटर एका ग्रीक वेल्डरच्या खांद्यावर हात टाकून नाचत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चीफ बसूनच होते, रुमालाने डोळे पुसत.

दुपारी दोनला आम्ही परत इंजिन रूममध्ये. मी लायनरमध्ये उतरून मायक्रोमीटरने मापं सांगत होतो, चीफ वर वाकून स्वतः लिहून घेत होते. मी खालूनच विचारलं, ज्याला ७३ करता येतात त्याला चेंडू सोडून देणं जमलं कसं? ते म्हणाले, "ते ७३ करून तो हरला होता." आणि पुढचं माप मागितलं.

रविवारी अंतिम सामन्यात स्पेनने, पाउ गासोल जखमी असताना, ७०-४७ अशी धूळ चारली. चीफ दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. रौप्यपदक त्यांच्या खिजगणतीतच नव्हतं.

ते आता निवृत्त होऊन निकेयात राहतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीसने युरोपियन स्पर्धेत फिनलंडला ९२-८९ असं हरवून कांस्य घेतलं. प्रशिक्षक होता तोच स्पानुलिस, यानाकिसच्या हाताखाली खेळलेला. मी अभिनंदनाचा फोन केला तर तासभर ते स्पानुलिसच्या संघाच्या बचावातल्या त्रुटीच मोजत बसले, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले की पोरगा चांगला आहे, यानाकिसकडून बरंच शिकलाय.